विषामृत, लगोरी आणि पक: लहान मुलांना आइस हॉकी शिकवायला निघालेल्या आईबाबांसाठी

सप्टेंबर संपता संपता रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, बाकावर कॉफी घेऊन बसलेलं असताना कुणीतरी जवळ येतं आणि विचारतं, "तुम्हाला थोडंफार स्केटिंग येतं ना? मग शनिवारी बर्फावर मदतीला याल का?" कॅनडात मुलाला किंवा मुलीला हॉकीला घातलेल्या आईबाबांवर ही वेळ आज ना उद्या येतेच, कारण पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवणारे बहुतेक जण पालकच असतात, तेही बिनपगारी. आपल्यातले बरेच जण तिथेच मागे सरतात. आयुष्यात कधी हॉकीची काठी धरली नाही, मी काय शिकवणार?

मी ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला राहते आणि गेले चार हिवाळे यू-सेव्हनच्या, म्हणजे सात वर्षांखालच्या मुलांना शिकवायला मदत करते. माझं लहानपण सांगलीला गेलं. स्केट पायात घातले ते छत्तिसाव्या वर्षी. तरीही ठामपणे सांगते, या वयाच्या मुलांसाठी लागणारी निम्मी शिदोरी तुमच्याकडे आधीच आहे. विषामृत, लगोरी, रुमालपळवणी, आट्यापाट्या, गल्लीतलं क्रिकेट, शाळेतला फुटबॉल. हे खेळ बर्फावर कसे न्यायचे, त्यात काय बदलायचं आणि कुठले खेळ बर्फावर मुळीच न्यायचे नाहीत, ते क्रमाने सांगते.

आधी एवढं उरकून घ्या

बर्फावर मदतीला उतरायचं तर तुमची पोलीस पडताळणी लागते. मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी ती वेगळी असते आणि तिला वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज लवकर करा. शिवाय मुलांशी कसं वागावं याचा एक ऑनलाइन वर्ग करावा लागतो. बाकी कुठलं प्रमाणपत्र हवं ते तुमच्या स्थानिक संघटनेलाच विचारा. आणि हेल्मेट तुम्हालाही सक्तीचं आहे. हनुवटीचा पट्टा लावलेलं हेल्मेट.

मुलांच्या सामानाची यादी लांब असते, दुकानदार ती देतोच. हेल्मेटवर सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेचा शिक्का आणि चेहऱ्याला पूर्ण जाळी हवी, मानेच्या पट्ट्यावर बीएनक्यू या क्वेबेकच्या मानक संस्थेचं लेबल हवं, एवढं स्वतः बघून घ्या. पहिल्या वर्षी बाकीचं सामान वापरलेलं घेतलं तरी चालतं, मुलं सहा महिन्यांत त्यातून वाढतात. काठी अनवाणी उभ्या मुलाच्या नाकापर्यंत यावी, म्हणजे स्केट घातल्यावर ती हनुवटीशी येते.

स्केटबद्दल मात्र जरा थांबून सांगते. नवे कोरे स्केट धार न लावलेले असतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझी मुलगी पहिल्या दिवशी बर्फावर उतरली आणि पाय रोवायला गेली की दोन्ही पाय आडवे सरकून जायचे. वीस मिनिटं ती बोर्डाला, म्हणजे रिंकभोवतीच्या कठड्याला, धरून रडत होती आणि मी तिला "प्रयत्न कर, जमेल" म्हणत होते. जमणार कसं? पात्याला धारच नव्हती. तेव्हापासून नवीन मूल आलं की मी आधी त्याचं पातं बघते. अंगठ्याचं नख पात्यावर आडवं हलकेच ओढायचं. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे. नुसतं घसरलं तर आधी धार लावून आणायला सांगायचं. पात्याला मधे पन्हाळीसारखी खोल रेघ असते, त्यामुळे प्रत्येक पायाला दोन धारा मिळतात, आतली आणि बाहेरची. पुढचा सगळा खेळ या दोन धारांवर उभा राहायला शिकण्याचा आहे.

लेस घोट्याशी घट्ट, बोटांशी सैल. जाड मोजे नकोत. मुलाला जोरात "पाय जमिनीवर आपट" म्हणा. टाच आत हलत असेल तर पुन्हा बांधा.

रांग मोडा

पहिल्या वर्षी मला एक कोपरा दिला होता आणि दहा मुलं. मी शाळेतल्या पीटीच्या तासासारखी त्यांची रांग लावली. एकेकाने सुटायचं, प्लॅस्टिकच्या चार कोनांना (शंकूंना) वळसा घालून परत यायचं. दिसायला फार शिस्तीचं दिसत होतं. तिसऱ्या मिनिटाला एक मुलगी आडवी होऊन बर्फ चाटत होती आणि दोघांची काठ्यांनी मारामारी चालली होती.

घरी येऊन मी हिशेब केला. एका मुलाची फेरी 15 सेकंदांची. दहा मुलं म्हणजे एक चक्र 150 सेकंदांचं. माझ्याकडे होती आठ मिनिटं. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला तीन फेऱ्या आल्या, जेमतेम 45 सेकंद! उरलेली सात मिनिटं ते थंडीत उभं होतं. पहाटे सहाला उठून, एवढं सामान चढवून, 45 सेकंदांसाठी.

त्या हिशेबानंतर मी रांग कायमची सोडली आणि खेळांकडे वळले. संघटनाही याच दिशेला गेल्या आहेत. हॉकी कॅनडा या देशाच्या हॉकी संघटनेने 2017-18 च्या हंगामापासून सगळ्यात लहान गटाचे पूर्ण रिंकवरचे सामने बंद केले. रिंक असतं सुमारे 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद. पाच वर्षांच्या मुलाने त्यात पकच्या, म्हणजे चेंडूऐवजी असलेल्या चपट्या रबरी चकतीच्या, मागे धावायचं म्हणजे बहुतेक वेळ पक त्याच्यापासून लांबच असणार. म्हणून आता फोमचे लांब बंपर टाकून रिंकचे भाग पाडतात आणि लहानग्यांना अर्ध्या किंवा आडव्या बर्फावर (लांबीऐवजी रिंकच्या रुंदीत) खेळवतात. पकही हलका देतात. मोठ्यांचा काळा पक 170 ग्रॅमचा, मुलांचा निळा 113 ग्रॅमचा. आकार तोच.

खेळ निवडताना तीन प्रश्न

कुठलाही खेळ बर्फावर नेण्याआधी मी स्वतःला तीन गोष्टी विचारते. एका वेळी किती मुलं नुसती उभी राहणार? खेळ जिंकायला मुलाला पाय वाकवणं, वळणं, थांबणं किंवा पक सांभाळणं भाग पडतं का? आणि सगळ्यात कच्चं मूल आधी बाद होतं का?

हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. संगीत खुर्ची घ्या. ज्याला धड उभं राहता येत नाही तोच पहिल्या फेरीत बाहेर जातो आणि ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच सगळ्यात जास्त वेळ बोर्डाला टेकून उभा राहतो. म्हणून बाद होण्याचा नियम मी प्रत्येक खेळातून काढून टाकते. संगीत खुर्चीत मुलांपेक्षा एक पक कमी ठेवते. शिट्टी वाजली की ज्याच्याकडे पक नाही त्याने दुसऱ्याचा काठीने काढून घ्यायचा. ज्याचा गेला त्याने तिसऱ्याचा घ्यायचा. बाहेर कुणीच जात नाही आणि पक कसा राखायचा हे न सांगता शिकलं जातं. मान खाली घालून फिरणाऱ्याचा पक दर वेळी जातो, मग दोन-तीन शनिवारांत ते मूल आपोआप मान वर करायला लागतं.

पडायला आणि उठायला: शिवाजी म्हणतो

पहिले दोन शनिवार काठी बोर्डाशी ठेवून द्या. काठी हातात असली की मुलं तिच्यावर म्हाताऱ्या माणसासारखी रेलतात आणि पायांवर भार येतच नाही.

'शिवाजी म्हणतो' हा खेळ इथे उत्तम चालतो. शिवाजी म्हणतो पडा, शिवाजी म्हणतो उठा, शिवाजी म्हणतो गुडघे वाकवा. माझ्या गटातल्या एका मुलाने विचारलं, हे कोण? मी सांगितलं, आमचे राजे होते, त्यांचा शब्द मोडायचा नसतो. तेवढं पुरलं त्याला. आता दुसऱ्या कुणी चुकून तसंच पडलं की तोच सांगतो, शिवाजी म्हणालेच नव्हते.

उठण्याची पद्धत शिकवायला मारुतीची आठवण ठेवा. आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचं, मग मारुतीसारखं एक गुडघा टेकून दुसरं पाऊल पुढे रोवायचं, दोन्ही हात त्या पुढच्या गुडघ्यावर ठेवायचे आणि रेटा देऊन उभं राहायचं. बर्फावर हात टेकवून उठण्याची सवय लागू देऊ नका. आजूबाजूला पाती फिरत असतात, हातमोजे असले तरी बोटं बर्फावर नकोत. आणि हो, मुलाला काखेत हात घालून उचलू नका. मोह फार होतो. पण पहिल्या तासाला शंभर वेळा स्वतः उठलेलं मूल तिसऱ्या तासाला चालायला लागतं.

थांबायला: खोबरं खवणं आणि स्टॅच्यू

थांबता न येणं ही मुलांची पहिली भीती असते. बोर्डावर जाऊन आदळणं हाच त्यांचा ब्रेक. इथले प्रशिक्षक जो पहिला ब्रेक शिकवतात त्याला स्नोप्लाऊ म्हणतात. टाचा बाहेर ढकलायच्या, पायाची बोटं आत, गुडघे वाकलेले. शब्दांत सांगितलं तर पाच वर्षांच्या मुलाला ओ की ठो कळत नाही.

मी त्यांना बोर्डाला धरून उभं करते आणि एका पायाने बर्फ खरवडायला लावते. पातं आतल्या धारेवर किंचित कलतं करून पाय बाहेर ढकलला की पात्यासमोर पांढरा भुगा जमतो. अगदी विळीच्या खवणीवर खोबरं खवल्यासारखा. कोणाचं खोबरं जास्त? एवढं विचारलं की दहा मुलं जीव तोडून बर्फ खरवडतात. उजव्या पायाचा ढीग, मग डाव्या पायाचा. या खटाटोपात त्यांच्या पायाला जे कळतं, की किती दाब दिला तर पातं रुततं आणि किती दिला तर बर्फ सोलला जातो, ते सांगून कळणारं नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला बोर्ड सोडायला सांगायचं, दोन पावलं घसरत यायचं आणि दोन्ही पायांनी खोबरं खवायचं. झाला ब्रेक.

मग 'स्टॅच्यू'. सगळे सुटतात, मी हाक देते, सगळे जागीच. गुडघे वाकवून थांबलेला स्टॅच्यू खरा, ताठ उभा राहिलेला खोटा. खोट्या स्टॅच्यूला बाद करायचं नाही, जागेवर एक गिरकी घ्यायला लावायची.

एका पायावर: लंगडी, पण उड्या न मारता

स्केटिंगचं प्रत्येक पाऊल म्हणजे एका पायावर घसरणं आणि दुसऱ्याने ढकलणं. ज्याला एका पायावर तीन सेकंद तोल सांभाळता येतो त्याला हॉकी येणार, मी तर असंच मानते. लंगडीत आपण उडी मारतो, इथे नुसतं घसरायचं. चार पावलं जोरात, मग एक पाय उचलून "एक, दोन, तीन" मोजायचं. बंपरपासून बंपरपर्यंत कितीदा पाय टेकला ते मुलांनी स्वतः मोजायचं. नावडता पाय प्रत्येकाचा असतो. त्याच पायाची लंगडी दुप्पट.

विषामृत

माझ्या गटाचा हा लाडका खेळ. नियम तुम्हाला माहीत आहेत. ज्याच्यावर विष आहे तो शिवणार, शिवलेला थिजणार, दुसऱ्याने अमृत दिलं की सुटणार. बर्फावर त्यात दोन बदल करा. थिजलेल्याने हॉकीच्या तयारीत थिजायचं, म्हणजे पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे वाकलेले, मान वर. काठ्या असतील तर काठी बर्फावर टेकलेली. आणि अमृत द्यायचं ते पकने. थिजलेल्याच्या दोन पायांमधून पक सरकवला की तो मोकळा. शिवायचं मात्र हातानेच. काठीने शिवलं तर ते विष बाद.

बारा मुलांमागे दोघांवर विष असावं. एकच असला तर तो दमून रडकुंडीला येतो, तीन झाले तर सगळेच थिजतात.

आमच्या गटात पंजाबी, चिनी, जमैकन, पोलिश घरांतली मुलं आहेत. 'विष' आणि 'अमृत' हे शब्द मी मुद्दाम बदलले नाहीत. पहिल्या दिवशी मी फक्त ओरडून दाखवलं. आता शनिवारी सकाळी रिंकच्या त्या कोपऱ्यातून 'अम्रीत! अम्रीत!' अशा हाका येतात, थिजलेली मुलं हात वर करून मित्राला बोलावत असतात. आणि मित्र पक घेऊन, आजूबाजूच्या विषाला चुकवून, नेमका दोन पायांच्या मधून सरकवायला येतो. यालाच पुढे पास म्हणायचं असतं. त्या वेळी त्यांना ते सांगायची गरज नाही.

हुलकावणीसाठी: आट्यापाट्या

इथल्या प्रशिक्षकांचा एक ठरलेला खेळ आहे. मधे एक-दोन शार्क, बाकीचे मासे एका काठावरून दुसऱ्या काठावर पळतात, पकडलेला मासा शार्क होतो. चांगला आहे, पण शार्कला कुठेही धावता येत असल्यामुळे तो नेहमी सगळ्यात हळू मुलालाच आधी गाठतो. माझा तिसरा प्रश्न इथे आडवा येतो.

आट्यापाट्यांत पाटी सांभाळणाऱ्याने आपल्या पाटीवरच राहायचं असतं. तेवढा एक नियम आणला की खेळ पालटतो. बर्फावर लिहायचं मार्कर प्रशिक्षकांकडे असतं, त्याने आडव्या तीन रेघा मारा. प्रत्येक रेघेवर एक राखणदार, त्याने रेघेवरच डावीउजवीकडे सरकायचं. बाकीच्यांनी तिन्ही रेघा ओलांडून पलीकडे जायचं आणि परत यायचं. मधली उभी पाटी सांभाळणारा सूर या वयाला नको, टकरी होतात.

आता राखणदाराला समोर बघत आडवं सरकावं लागतं, जे बचाव करणाऱ्या खेळाडूचं मूळ काम आहे. आणि ओलांडणाऱ्याला वेगापेक्षा हूल जास्त कामी येते. आमच्या गटात एक मुलगी होती, सगळ्यात हळू, गुडघे एकमेकांना घासत चालणारी. तिसऱ्या शनिवारी ती रेघेपाशी येऊन चक्क थांबली. राखणदार तिच्यासमोर थांबला. तिने डावा खांदा खाली झुकवला, डोकंही तिकडे नेलं, राखणदार डावीकडे सरकला, आणि ती उजवीकडून हळूच रेघ ओलांडून गेली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पलीकडे गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं, खरंच गेले का मी, असं. पुढच्या फेरीला ती रेघेकडे सगळ्यांच्या आधी निघाली.

दोन-तीन आठवड्यांनी हाच खेळ प्रत्येकाला पक देऊन घ्या. हूल तीच, आता काठीने.

पकसाठी झुंजायला: रुमालपळवणी

दोन्ही बाजूंना पाच-पाच मुलं, प्रत्येकाला आकडा, मधे रुमालाऐवजी पक. "तीन!" म्हटलं की दोन्हीकडचे तीन नंबर सुटतात. पक मिळवायचा आणि आपल्या छोट्या गोलपोस्टमध्ये न्यायचा. इथे उभं राहणारी मुलं जास्त होतात हे खरं, म्हणून दोन गट करा, दोन पक ठेवा आणि आकडे भराभर पुकारा.

जोड्या लावताना विचार करा. साधारण सारख्या वेगाच्या मुलांना सारखा आकडा द्या आणि हे कुणाला सांगू नका. मग "दोन आणि चार!" असे दोन आकडे एकदम पुकारा. दोघं विरुद्ध दोघं झाले की पास आपोआप सुचतो. अंगाने ढकलणं या वयाला चालत नाही. कॅनडात शरीराची धडक द्यायला मुलं मोठी झाल्यावर, यू-फिफ्टीनच्या काही गटांतच परवानगी मिळते. तोवर काठी आणि पाय.

पास द्यायला लगोरी, घ्यायला क्रिकेटचा झेल

पक 2.54 सेंटीमीटर जाडीचा असतो. सात पक एकावर एक रचले की झाली साधारण 18 सेंटीमीटरची लगोरी. सामानात आणखी काहीच लागत नाही, पकची बादली रिंकवर असतेच. चार-पाच मीटरवरून पक सरकवून ती पाडायची, उचलून मारायचा नाही. पडली की त्याच मुलांनी हातमोजे घालून पुन्हा रचायची. हातमोज्यांतून सात पक रचायला वाकावं लागतं, तोल सांभाळावा लागतो. दोन गट करून शर्यत लावा. मुलांना वाटतं पाडणं हा खेळ आहे, माझ्या हिशेबी रचणं हा अर्धा तास स्क्वॉट्स काढल्यासारखा व्यायाम आहे.

पास घेताना मुलांची काठी लाकडासारखी ताठ असते, पक तिच्यावर आपटून उडून जातो. इथे गल्लीतलं क्रिकेट आठवा. झेल घेताना आपण हात चेंडूबरोबर मागे नेतो, नाहीतर चेंडू तळहातावरून उडतो. घरी मुलाला मऊ चेंडू टाकून सांगा, हे कच्चं अंडं आहे, फोडायचं नाही. हात मागे जायला लागले की तीच गोष्ट बर्फावर काठीने करून दाखवा. "अंडं!" एवढीच हाक पुरते.

जागा शोधायला: फुटबॉल आणि बास्केटबॉल

लहान मुलांचा हॉकी सामना बघितला असेल तर ठाऊक असेल, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी सगळी पकला लागतात. "पसरा, पसरा" म्हणून बाहेरून ओरडण्याचा काहीही उपयोग होत नाही.

काठ्या काढून घ्या आणि मऊ फोमचा फुटबॉल टाका. तिघं विरुद्ध तिघं, छोटे गोलपोस्ट. चेंडू मोठा असतो, दिसतो, मान वर राहते. लाथ मारताना दर वेळी एका पायावर उभं राहावं लागतं. आणि पुढे पक पायांत अडकला तर तो काठीपर्यंत कसा आणायचा, हेही पायाला कळून चुकतं. एनएचएल या इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगचे खेळाडूसुद्धा सामन्याआधी आतल्या बोळात रिंगण करून फुटबॉल पायावर उडवत असतात, ते मुलांना मोबाइलवर दाखवा. त्यांना पटतं.

दुसऱ्या टप्प्याला बास्केटबॉल. टोपली नको, नुसता हाताने टाकायचा मऊ चेंडू. चेंडू हातात असताना तीन सेकंदांत टाकायचाच, आणि टाकल्यावर उभं न राहता मोकळ्या जागेत जायचं. दे आणि पळ. हाताने पास देणं मुलांना जमतं, म्हणून त्यांचं लक्ष जागेकडे जातं. काठीने हेच करायला गेलं तर सगळं लक्ष काठीतच अडकतं. बास्केटबॉल शोधणारे जेम्स नेस्मिथ मूळचे इथलेच, ऑन्टॅरिओतल्या आल्मॉन्टचे. 1891 साली त्यांनी तो खेळ बसवला तोच हिवाळ्यात घरात कोंडलेल्या मुलांसाठी.

एकाच खेळात मुलाला जुंपायचं नाही, ही समजही इथे जुनी आहे. हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की आमच्यापासून फार लांब नाही अशा ब्रॅंटफर्डचा. अंगणातल्या बर्फावर वडिलांनी मांडलेल्या डब्यांमधून वळणं घेत तो शिकला, आणि उन्हाळा आला की लॅक्रोस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) आणि बेसबॉल खेळायचा. तुमचं मूल उन्हाळ्यात क्रिकेट खेळत असेल तर खेळू द्या. आणि हा आपल्या लोकांचा खेळ नाही असं कुणी म्हणालं, तर त्यांना लडाखच्या मुलींबद्दल सांगा. गोठलेल्या तळ्यांवर खेळून तयार झालेल्या मुलींच्या जोरावर भारताच्या महिला संघाने 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं.

काय बर्फावर नेऊ नका

कबड्डी नको. मी सांगलीची, मला कबड्डी जीव की प्राण आहे, तरी सांगते. पाय धरणं आणि अंगावर पडणं पात्यांच्या जवळ कधीच नको. बसून खेळायचा खो-खो नको, बर्फावर बसलेल्या मुलांच्या बोटांवरून पाती जातात. खांबाला वळसा घालण्याची कला हवी असेल तर कोन ठेवा आणि सगळ्यांना उभं ठेवा. साखळीची पकडापकडी नको, एक पडला की हात धरलेले चारही पडतात. डोळे बांधायची आंधळी कोशिंबीर अर्थातच नको.

पन्नास मिनिटांचा आराखडा

बर्फाचा तास बहुधा 50 मिनिटांचा असतो, उरलेली दहा बर्फ सारखा करणाऱ्या झांबोनीची. मी तो असा वाटते. पहिली पाच मिनिटं मोकळी, मुलांना नुसतं फिरू द्या. आठ मिनिटं सगळ्यांचं मिळून विषामृत. मग आठ-आठ मिनिटांचे तीन कोपरे, एकात पायांचा खेळ, एकात पकचा, एकात फुटबॉल किंवा लगोरी, आणि गट फिरत राहतात. त्यानंतर दहा मिनिटं आडव्या बर्फावर खरा सामना, निळ्या पकने. उरली तीन.

एखादा खेळ रंगात असताना थांबवायला जिवावर येतं, पण थांबवा. रंगात असताना थांबवलेला खेळ पुढच्या शनिवारी मुलं स्वतः मागतात. मात्र चार मिनिटांत कंटाळा दिसला तर आठ मिनिटं पुरी करत बसू नका, नियम बदला किंवा मैदान लहान करा. बहुतेक वेळा मैदानच मोठं झालेलं असतं.

सूचना वीस सेकंदांच्या वर नको. गुडघ्यावर बसून, मुलाच्या जाळीच्या उंचीला येऊन बोला. लांबून दाखवायचं असेल तर स्वतः करून दाखवा. पडलात तर मारुतीसारखं उठून दाखवा, तोही धडाच.

शेवटच्या तीन मिनिटांत मी बादली बर्फाच्या मधोमध आडवी करते आणि म्हणते, घर भरा. रिंकभर विखुरलेले सगळे पक मुलांनी काठीने ढकलत बादलीत आणायचे, हाताने उचलायचे नाहीत. चाळीसएक पक असतात. लांबच्या कोपऱ्यातला शेवटचा पक आणायला तिघं-चौघं एकदम सुटतात. बादली भरली की दाराशी हातमोज्यांच्या टाळ्या, आणि बाहेर पडता पडता प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, पुढच्या शनिवारी कोणता खेळ? उत्तरं फोनवर लिहून ठेवते. पुढच्या आठवड्याचा आराखडा तिथूनच सुरू होतो.